आजीचा स्कोअर ३ आणि शेजारच्या तरुणाचा ४, म्हणजे आजी जास्त बरी आहे का?

८१ वर्षांच्या आजीचा चार्टवरचा स्कोअर ३, शेजारच्या खाटेवरच्या मुलाचा ४, मग काळजी कुणाची जास्त, आणि स्कोअरमध्ये वय धरायला नको का, असं तुम्ही विचारलंय. आजी जास्त बरी आहे असा अर्थ मात्र काढू नका. मी मेडिसिन वॉर्डात नर्स आहे, हाच चार्ट रोज भरते.

हा न्यूज-२ स्कोअर, पेशंटची तब्येत बिघडतेय का हे वेळीच ओळखण्यासाठीचा. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने तो २०१२ मध्ये आणला आणि २०१७ मध्ये सुधारला. श्वासाचा वेग, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन), ऑक्सिजन लावलाय का, वरचं बीपी, नाडी, पेशंट शुद्धीवर आहे का आणि ताप यांच्या गुणांची ही बेरीज. ५ झाली की डॉक्टरांना तातडीने बोलवायचं, ७ झाली की आणीबाणी. वयाला त्यात गुण नाहीत.

आता बघा. त्या मुलाला १०३ ताप आणि नाडी ११२ असेल, तर २ आणि २ मिळून ४ झाले. आजीचा श्वास मिनिटाला २२ आणि सॅच्युरेशन ९५, म्हणजे २ आणि १. तिला ताप नाही, पण म्हातारपणी जंतुसंसर्ग जोरात असला तरी ताप चढतोच असं नाही. बीटा ब्लॉकरची, म्हणजे नाडी मंद ठेवणारी गोळी चालू असेल तर नाडीही फारशी पळत नाही. एरवी १६० बीपी असणाऱ्या बाईचं ११५ झालं तर चार्ट शून्य गुण देतो, तिच्यासाठी मात्र ती मोठी घसरण असते.

म्हणून वयाचे गुण जोडायचे प्रयत्न झाले आहेत. कोविडच्या सुरुवातीला चीनच्या सिचुआन प्रांतातल्या डॉक्टरांनी ६५ आणि त्यापुढच्या वयाला ३ गुण जोडले. आयसीयूत वापरतात तो अपाचे-२ स्कोअर तर १९८५ पासून वय धरतो, ७५ पासून पुढे ६ गुण. कॅज्युअल्टीत आधी कुणाला बघायचं हे ठरवताना असे गुण उपयोगी पडतात असं मला वाटतं. वॉर्डात दर काही तासांनी भरायच्या चार्टमध्ये मात्र मला ते नको आहेत. तिथे आपण बदल शोधत असतो, आणि वय सकाळी ८१ तसं संध्याकाळीही ८१. प्रत्येक वयस्कर पेशंटसाठी सारखा फोन जायला लागला, की खऱ्या वेळी तो कुणी मनावर घेत नाही.

लहान मुलांच्या चार्टमध्ये जादा गुण देत नाहीत, नॉर्मलची रेघच वयोगटानुसार हलवतात. तान्ह्या बाळाचा श्वास मिनिटाला ४० असला तरी चालतो, मोठ्या माणसाचा २५ झाला की पूर्ण ३ गुण. म्हाताऱ्यांच्या बाबतीतही मला हीच दिशा पटते, फक्त रेघ त्या माणसाची स्वतःची हवी. त्याचं नेहमीचं बीपी किती, एरवी तो कसा बोलतो, हे माहीत असायला हवं.

आणि ते तुम्हीच सांगू शकता. जुने बीपीचे कागद आणि गोळ्यांची यादी सिस्टरकडे द्या. २०१७ च्या सुधारणेत नव्याने सुरू झालेल्या गोंधळालाही ३ गुण दिले आहेत. आजी असंबद्ध बोलायला लागली किंवा तुम्हाला ओळखेना, तर वयामुळे होत असेल म्हणून गप्प बसू नका. वॉर्डातल्या सगळ्यांनी तिला आत्ताच पाहिलंय, तिचं एरवीचं बोलणं त्यांना माहीत नाही. "ती अशी नसते, हे आजच सुरू झालंय," असं सिस्टरला स्पष्ट सांगा. तेवढ्यावर ३ चा स्कोअर ६ होतो आणि डॉक्टरांना बोलवावंच लागतं.