घरात टीबी निघाला: मुलांची तपासणी कधी आणि कशी?

घरातल्या मोठ्या माणसाच्या थुंकीत टीबीचे जंतू सापडले की मुलांना घेऊन धावपळ सुरू होते. आलेल्या प्रश्नांत एक गल्लत पुन्हा पुन्हा दिसते, ती आधी दूर करू. टीबीचा संसर्ग म्हणजे जंतू शरीरात शिरलाय पण दबून आहे. मूल खेळतंय, जेवतंय, एक्स-रे स्वच्छ आहे आणि त्याच्यापासून कुणाला धोका नाही. टीबीचा आजार म्हणजे तोच जंतू वाढून फुप्फुसात, गाठीत किंवा मेंदूच्या आवरणात बिघाड करतोय. मांटू (हातावर टोचून करायची तपासणी) आणि इग्रा (रक्ताची तपासणी) या फक्त जंतू शिरला का, एवढंच सांगतात. आजार आहे की नाही हे त्यांना ओळखता येत नाही.

प्रश्न: सासऱ्यांना फुप्फुसाचा टीबी निघाला, गेल्या आठवड्यात औषध सुरू झालं. घरात ३ वर्षांचा मुलगा आणि ९ वर्षांची मुलगी आहे. डॉक्टरांनी मुलाला मांटू न करताच गोळ्या दिल्या आणि मुलीची मात्र मांटू करायला सांगितली. हे उलट नाही का झालं? (एक आई, सोलापूर)

नाही, अगदी बरोबर झालं. लहान मुलाचं शरीर टीबीच्या जंतूला मोठ्यांइतकं नीट दाबून ठेवू शकत नाही. औषधं नव्हती त्या काळातल्या नोंदी सांगतात की वर्षाच्या आतल्या बाळाला संसर्ग झाला तर जवळपास निम्म्या बाळांना आजार होत असे, आणि १० ते २० टक्क्यांना तो मेंदूच्या आवरणापर्यंत किंवा सगळ्या शरीरात पसरत असे. एक ते दोन वर्षांच्या वयात आजाराचं प्रमाण २० ते २५ टक्के, दोन ते पाच वर्षांत ५ टक्क्यांच्या आसपास, आणि पाच ते दहा वर्षांत सर्वांत कमी, सुमारे २ टक्के. लहानांमध्ये हे सगळं बहुतेक वेळा पहिल्या वर्षभरातच घडतं.

आता मांटूचं गणित पाहा. संसर्ग झाल्यावर ती पॉझिटिव्ह व्हायला दोन ते आठ आठवडे, कधी थोडे जास्तही लागतात. म्हणजे आज निगेटिव्ह आली तरी आपल्याला काहीच कळलेलं नसतं, आणि तेवढ्यात तीन वर्षांच्या मुलाचे मोलाचे दिवस वाया जातात. म्हणून राष्ट्रीय क्षयरोग दूरीकरण कार्यक्रमाचा नियम असा आहे: घरात थुंकीतून सिद्ध झालेला फुप्फुसाचा टीबी असेल, तर ५ वर्षांखालच्या मुलाला आजार नाही एवढी खात्री करून प्रतिबंधक औषध सुरू करायचं. मांटूसाठी थांबायचं नाही.

मांटू केली नाही याचा अर्थ मूल तपासलंच नाही असा मात्र होऊ नये. दोन आठवड्यांहून जास्त खोकला किंवा ताप आहे का, गेल्या तीन महिन्यांत वजन घटलं किंवा अडलं का, मानेत गाठी आहेत का, मूल मरगळलंय का, हे पाहायलाच हवं. वजनासाठी अंगणवाडीचा तक्ता किंवा लसीकरणाचं कार्ड बरोबर न्या. आठवणीवर सांगितलेलं वजन फसवतं. यातलं एक जरी लक्षण असेल तर छातीचा एक्स-रे आणि पुढच्या तपासण्या आधी. आजार असताना एकटं आयसोनियाझिड, म्हणजे हे प्रतिबंधक औषध, दिलं तर तो बरा होत नाही, उलट जंतू त्या औषधाला दाद देईनासा होतो.

मुलीच्या वयात धोका कमी आहे, त्यामुळे मांटू आणि एक्स-रे करायला सवड मिळते. मात्र तुमच्याकडे तपासणीची सोयच नसेल तर लक्षणं नसलेल्या मुलीला त्या कारणाने औषध नाकारता येत नाही, हेही याच कार्यक्रमात स्पष्ट आहे. वयात येणाऱ्या मुलामुलींमध्ये धोका पुन्हा वाढतो. घरातला पंधरा वर्षांचा मुलगा ‘मोठा झालाय’ म्हणून तपासणीतून सुटतो, तसं होऊ देऊ नका.

प्रश्न: मुलाची मांटू दुसऱ्याच दिवशी फोनवर फोटो मागवून वाचली. ‘१६ मिमी लाल, पॉझिटिव्ह’ असा रिपोर्ट आला. धरायचा का? (नाशिक)

धरू नका. यात तीन चुका आहेत: वेळ चुकली, हात न लावता वाचली आणि लालसरपणा मोजला.

मांटूत ट्युबरक्युलिनचा, म्हणजे टीबीच्या जंतूपासून काढलेल्या प्रथिनांचा, ०.१ मिली डोस हाताच्या आतल्या बाजूला, कोपर आणि मनगट यांच्या मध्ये, कातडीच्या थरातच टोचतात. सुई नीट गेली तर तिथे लगेच ६ ते १० मिमीचा फिकट फुगा उठतो. फुगा उठलाच नाही किंवा द्रव बाहेर आला, तर औषध कातडीखाली गेलं किंवा सांडलं. अशा वेळी तिथून किमान पाच सेंटीमीटर दूर लगेच पुन्हा टोचावं लागतं. पालकांनी त्या क्षणी हाताकडे पाहावं, कारण फुगा नंतर काही मिनिटांत जिरतो.

वाचन ४८ ते ७२ तासांच्या आत. रविवारी दवाखाना बंद असेल तर गुरुवारी टोचून घेऊ नका, सोमवार ते बुधवार उत्तम. ७२ तास उलटून गेले पण सातव्या दिवसाच्या आत फुगवटा स्पष्ट असेल, तर पॉझिटिव्ह म्हणून तो ग्राह्य धरता येतो. उशिरा पाहिलेली ‘निगेटिव्ह’ मात्र निरर्थक, ती पुन्हा करावी लागते आणि शक्यतो दुसऱ्या हातावर.

मोजायचा असतो तो हाताला लागणारा टणक फुगवटा. लाली कितीही पसरू दे, तिचा हिशेब नाही. बॉलपेनचं टोक बाहेरून मध्याकडे हलकेच सरकवत आणायचं, जिथे अडेल तिथे थांबायचं, दुसऱ्या बाजूनेही तसंच. हाताच्या लांबीला आडवं, म्हणजे अंगठ्याच्या बाजूकडून करंगळीच्या बाजूकडे, दोन रेषांमधलं अंतर पट्टीने मोजायचं. रिपोर्टवर मिलिमीटर हवेत. फुगवटा नसेल तर ‘० मिमी’ लिहावं, नुसतं ‘निगेटिव्ह’ नको. १० मिमी किंवा जास्त म्हणजे पॉझिटिव्ह. एचआयव्ही असलेल्या मुलात ५ मिमीलाच पॉझिटिव्ह धरतात.

आणखी एक गोष्ट आवर्जून विचारा: ट्युबरक्युलिन किती युनिटचं वापरलं? भारतात प्रमाण मानलेला डोस आरटी-२३ (ट्युबरक्युलिनचा एक प्रकार) चे २ युनिट. काही ठिकाणी ५ किंवा १० युनिट टोचतात. त्यात फुगवटा मोठा येतो आणि १० मिमीची रेघ तिथे लागू पडत नाही. रिपोर्टवर युनिट लिहिलेलं नसेल तर लिहून मागा, तो तुमचा हक्कच आहे.

प्रश्न: मुलीला जन्मतः बीसीजी दिलंय. मांटू १२ मिमी आली. नातेवाईक म्हणतात, ‘ते बीसीजीमुळे असेल, सोडून द्या.’ आम्ही रक्ताची इग्रा करावी का? (ठाणे)

सोडून देऊ नका. जन्माच्या वेळी दिलेल्या बीसीजीचा मांटूवरचा परिणाम वर्षागणिक ओसरत जातो. आणि घरात टीबीचा रुग्ण असताना १२ मिमीचं श्रेय लसीला देणं धोक्याचं आहे, अशा मुलीत ती संसर्गामुळेच आली असं धरायचं. एक्स-रे काढा, लक्षणं पाहा, आजार नसेल तर प्रतिबंधक औषध सुरू करा.

इग्राचा फायदा हा की ती बीसीजीमुळे पॉझिटिव्ह येत नाही आणि वाचायला परत जावं लागत नाही. पण तिला सुमारे ४ मिली रक्त लागतं, १-१ मिलीच्या चार नळ्यांत. नळ्या भरल्यावर दहादा हलवाव्या लागतात, कारण औषधाचा थर नळीच्या आतल्या भिंतीवर असतो. त्या १६ तासांच्या आत ३७ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये जायला हव्यात. तालुक्याच्या गावात संध्याकाळी घेतलेलं रक्त दुसऱ्या दिवशी दुपारी शहरातल्या लॅबमध्ये पोचत असेल, तर रिपोर्टवर विसंबता येत नाही. दोन वर्षांखालच्या आणि कुपोषित मुलांत ‘अनिर्णित’ निकालही जास्त येतात. अनिर्णित म्हणजे निगेटिव्ह नव्हे: मुलाच्या पेशींनी तपासणीला उत्तरच दिलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. इग्राही संसर्ग आणि आजार यांत फरक करत नाही, त्यामुळे एक्स-रे टळत नाही.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सायटीबी ही नवी त्वचा-तपासणीही बीसीजीने गोंधळत नाही. तिला भारतात मान्यता मिळाली ती १८ वर्षांवरच्यांसाठी, म्हणून मुलांसाठी कुणी ती सुचवली तर वयाच्या मर्यादेबद्दल नक्की विचारा.

‘टीबी आयजीजी-आयजीएम’ नावाची, रक्तातली प्रतिपिंडं पाहणारी तपासणी कुणी सुचवली तर सरळ नाही म्हणा. केंद्र सरकारने २०१२ मध्ये टीबीसाठी अशा तपासण्यांवर बंदी घातली आहे, त्या चुकीचे निकाल देतात.

प्रश्न: ७ वर्षांच्या मुलाची मांटू ० मिमी आली. टीबी निघालेला मामा आता गावी गेलाय. विषय संपला का? (पणजी)

अजून नाही. मामाशी शेवटचा संपर्क कधी आला ती तारीख कॅलेंडरवर लिहा. तिथून ८ ते १० आठवड्यांनी मांटू पुन्हा करा. पहिली निगेटिव्ह बहुतेक वेळा ‘अजून वेळ झालेली नाही’ एवढंच सांगते. रुग्ण त्याच घरात राहत असेल तर त्याच्यापासून संसर्ग होण्याचा काळ संपल्याचं डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून मोजायचं. दुसरीही निगेटिव्ह आणि मूल ठणठणीत असेल तर औषधाची गरज नाही. मधल्या काळात ताप-खोकला रेंगाळला तर ८ आठवड्यांची वाट पाहू नका.

खोटी निगेटिव्ह आणखी काही कारणांनी येते: तीव्र कुपोषण, नुकतीच होऊन गेलेली गोवर, स्टेरॉइड औषधं, एचआयव्ही, आणि विचित्र वाटेल पण गंभीर टीबी स्वतःच. आजारी, खंगलेल्या मुलाची मांटू ० आली म्हणून टीबी नाही असं कुणी म्हणू नये.

प्रश्न: बाळाची गोवर-रुबेला लस पुढच्या आठवड्यात आहे. आधी मांटू की लस?

एकाच दिवशी दोन्ही करून घ्या. लस आधी झाली तर मांटू किमान चार आठवड्यांनी, कारण ती लस काही काळ मांटू दाबते. मांटूसाठी लस पुढे ढकलू नका.

प्रश्न: नणंदेला मानेच्या गाठीचा टीबी आहे. मुलांच्या तपासण्या करायच्या का?

गाठीचा टीबी हवेतून पसरत नाही. नणंदेचा छातीचा एक्स-रे झालाय आणि फुप्फुसं स्वच्छ आहेत एवढी खात्री करा. मात्र उलट बाजू लक्षात असू द्या: लहान मुलाला टीबी निघाला तर तो बहुधा कुणातरी मोठ्याकडून आलेला असतो. तेव्हा घरातल्या प्रत्येक खोकणाऱ्या माणसाची थुंकी तपासायला हवी.

प्रश्न: बाळंतीण सुनेला टीबी आहे. बाळाला अंगावर पाजायचं का, बीसीजी द्यायचं का? (सातारा)

पाजायचं, जरूर पाजायचं. दुधातून टीबी जात नाही. सुनेने औषध न चुकता घ्यावं आणि पाजताना मास्क लावावा. बाळाला आजार नाही हे बालरोगतज्ज्ञाने पाहिल्यावर सहा महिने आयसोनियाझिड द्यायचं, वजनाच्या दर किलोला १० मिग्रॅ, रोज एकदा. सोबत पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-६, डॉक्टर लिहून देतील. बीसीजी जन्मानंतर नेहमीप्रमाणे देता येतं, औषध चालू म्हणून अडवायचं नाही, असं भारतातल्या बालरोगतज्ज्ञांचं मार्गदर्शन आहे.

प्रश्न: ४ वर्षांच्या मुलाला महिनाभर खोकला आहे, पण त्याला थुंकी काढता येत नाही. मग तपासणार कशी? (भिवंडी)

लहान मूल बेडका थुंकत नाही, गिळतं. म्हणून तो पोटातून काढतात. रात्रभर, किमान चार ते सहा तास उपाशी ठेवून सकाळी मूल अंथरुणातून उठण्याआधी नाकातून बारीक नळी घालून जठरातला ५ ते १० मिली द्रव घेतात. उठून हिंडल्यावर पोट रिकामं होऊ लागतं आणि नमुना वाया जातो, म्हणून पहाटेचा आग्रह. नेब्युलायझरने मिठाच्या पाण्याची वाफ देऊनही बेडका काढता येतो. नमुना सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या, जंतूची जनुकं शोधणाऱ्या यंत्रांवर जातो. ट्रूनॅटचं यंत्र गोव्यातल्या कंपनीचं आहे आणि बऱ्याच ग्रामीण केंद्रांत असतं. त्यात रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद न देणारा जंतूही कळतो. जंतू सापडला नाही तरी एक्स-रे, लक्षणं आणि घरातला संपर्क पाहून डॉक्टर उपचार सुरू करू शकतात, कारण मुलांमध्ये जंतूंची संख्या मुळातच कमी असते.

प्रश्न: प्रतिबंधक गोळ्या सुरू आहेत. चार-पाच दिवस चुकले, एकदा उलटीही झाली. आणि आता कळलंय की काकांचा टीबी साध्या औषधांना दाद देत नाही. काय करावं? (जळगाव)

चुकलेल्या दिवसांसाठी दोन गोळ्या एकदम देऊ नका, तेवढे दिवस शेवटी वाढवा. आयसोनियाझिडचे १८० डोस असतात. त्यातले किमान १४४ साधारण आठ महिन्यांच्या आत पुरे झाले तर कोर्स झाला असं धरतात. एखादी उलटी चालते. पण भूक पूर्ण जाणं, वारंवार उलट्या, डोळे पिवळे किंवा लघवी गडद होणं यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी गोळी थांबवा आणि दवाखाना गाठा.

काकांबद्दलची माहिती मात्र सगळं बदलते. त्यांच्या जंतूवर आयसोनियाझिड चालत नसेल तर पुतण्याला ती गोळी देऊन संरक्षण मिळत नाही. अनेक औषधांना दाद न देणाऱ्या टीबीच्या संपर्कात आलेल्यांसाठी सहा महिने रोज लिव्होफ्लोक्सॅसिन द्यावं, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये केली, पण तेही काकांचा जंतू त्या औषधाला दाद देत असेल तरच. म्हणून काकांच्या औषध-प्रतिकार तपासणीचा रिपोर्ट घेऊनच जिल्हा क्षयरोग केंद्रात जा. तो हातात असल्याशिवाय मुलाचं औषध बदलता येणार नाही. केंद्र कुठे आहे ते आशाताई सांगतील, किंवा १८००-११-६६६६ या निःशुल्क क्रमांकावर विचारा.