हिरवाईत हरवलेला नेचा

प्रश्न : आमच्या विहिरीच्या कठड्यावर दर पावसाळ्यात हंसराज हा नेचा (फर्न) आपोआप उगवतो. नेच्यांची बीजुके, म्हणजे बियांऐवजी असणारे धुळीसारखे सूक्ष्म कण, वाऱ्याबरोबर दूरवर जातात, असेही वाचले आहे. मग एखादा नेचा नामशेष होण्याच्या वाटेला लागतो तो कशामुळे?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : हंसराजाचे नाव आपण काढलेत हे बरे झाले, कारण येथे ज्या नेच्याची हकीकत सांगावयाची आहे, त्याच्या मुळावर हंसराजाचेच भाईबंद उठले आहेत. दक्षिण अटलांटिक महासागरातील असेन्शन हे जेमतेम ८८ चौरस किलोमीटरचे ज्वालामुखीजन्य बेट. त्यावरील ग्रीन माउंटन या ८५९ मीटर उंचीच्या डोंगरावर, धुक्याने ओलावणाऱ्या उघड्या खडकांच्या कपारीत, ॲनोग्रामा असेन्शनिस हा कोथिंबिरीसारख्या पानांचा चिमुकला नेचा वाढतो. जगात अन्यत्र तो कोठेही नैसर्गिकरीत्या आढळत नाही.

बीजुक वाऱ्याने कोठेही पडले, तरी त्यातून थेट नेचा उगवत नाही. आधी एक पातळ, हिरवा, नखाहूनही लहान पापुद्रा तयार होतो आणि त्यावर पाण्याचा थर असेल तरच फलन घडून खरे रोप निघते. एवढ्या अवधीत शेजारच्या वनस्पतीने जागा झाकली की सारे संपते. असेन्शनवर नेमके हेच झाले. १८४३ मध्ये बेटाला भेट देणाऱ्या जोसेफ हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञांनी, उजाड डोंगरावर झाडे लावल्यास ओलावा धरून ठेवता येईल, असे सुचवले. त्यानंतर बाहेरून आणलेल्या झाडाझुडपांनी डोंगर खरोखरच हिरवा केला. मात्र या नेच्याला हवा असलेला मोकळा खडक आयात हंसराजांनी व्यापला. हेतू चांगला होता, हे मान्य करूनही परिणाम विसरता येत नाही.

१९५८ नंतर हा नेचा दिसला नाही, म्हणून २००३ मध्ये त्याची नोंद नामशेष अशी झाली. २००९ मध्ये स्टेडसन स्ट्राउड आणि फिल लॅम्बडन यांना एका कड्यावर त्याची चार रोपे सापडली. बीजुके असलेले पानांचे तुकडे विमानाने लंडनच्या क्यू या वनस्पती उद्यानात नेऊन, निर्जंतुक पात्रांत त्यांपासून नवी रोपे वाढवण्यात आली. ज्या हूकर घराण्याने या उद्यानाला आकार दिला, त्यातीलच विल्यम हूकर यांनी १८५४ मध्ये या नेच्याचे शास्त्रीय वर्णन केले होते. रोपे पुन्हा डोंगरावर लावावयाची, तर आधी खडकावरील आगंतुक उपटावे लागतात, आणि हे काम निसरड्या कड्यावर हाताने करावे लागते.

आपल्या कठड्यावरचा हंसराज मात्र इथलाच. तो खुशाल राहू द्यावा.