वाचकांचे प्रश्न : प्रयोगाच्या तासाला मोकळीक किती, शिस्त किती?

प्रश्न : सातवीच्या मुलांना प्रयोग मोकळेपणाने करू दिला की वर्गात नुसता दंगा. कृती फळ्यावर लिहून दिली की चाळीस वह्यांत एकच उत्तर. यातून वाट कशी काढावी? – विज्ञान शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : दोन्ही एकाच वेळी द्यायला गेलं की दोन्ही हातचं जातं. मोकळीक आधी द्या, शिस्त नंतर, आणि शेवटी पुन्हा मोकळीक. लंबकाचा प्रयोग यासाठी उत्तम, कारण दोरा, लोखंडी नट, मोजपट्टी आणि सेकंद दाखवणारं घड्याळ एवढ्यावर भागतं. सलग दोन तासिका मिळवा.

पहिली दहा मिनिटं नट नुसता झुलवून दाखवा आणि विचारा, ‘याचा झोका सावकाश करायचा तर काय काय बदलून बघाल?’ येईल ते फळ्यावर लिहा : लांब दोरा, जड नट, लांबून सोडणं, जाड दोरा, पंखा बंद. ‘पंखा बंद’ला हसू नका, तेही मोजून बघता येतं. मग चार-चार जणांच्या गटाने यातली एकच गोष्ट उचलायची, बाकी सगळं आहे तसंच ठेवायचं. आपला अंदाज आधी वहीत लिहायचा, तोही पेनाने. पेन्सिलीने लिहिला की उत्तर कळल्यावर खोडरबर फिरतो.

इथून पुढे मात्र ढिलाई नको. लांबी वरच्या गाठीपासून नटाच्या मध्यापर्यंत मोजायची. दोरा १०० सेंमी असेल तर नट साधारण वीतभर बाजूला न्यायचा आणि धक्का न देता सोडायचा. जाऊन परत आला की एक झोका, असे दहा झोके, आणि तीनदा मोजायचे. एकाच झोक्याची वेळ का मोजायची नाही, हे मुलांनाच काढू द्या : घड्याळाचं बटण दाबण्यात ०.२ सेकंद इकडेतिकडे झाले तर दोन सेकंदांच्या झोक्यात ती दहा टक्के चूक, वीस सेकंदांत एकच टक्का. दहा झोक्यांना १०० सेंमीवर साधारण २० सेकंद लागतात, ५० सेंमीवर १४, २५ सेंमीवर १०. ‘दोरा निम्मा, वेळ निम्मी’ असं लिहिणारी मुलं १४ बघून अडखळतात. तिथे उत्तर सांगून टाकू नका. २५ सेंमीपर्यंत त्यांना जाऊ द्या.

नेहमीचे घोटाळे तीन. मुलं नट सोडतानाच ‘एक’ म्हणतात, म्हणजे झोके नऊच होतात आणि वेळ १८ येते. सोडताना ‘शून्य’ म्हणायला लावा. नट सरळ न झुलता गोल फिरू लागतो. थांबवून पुन्हा सोडा. तिसरा घोटाळा जास्त फसवा आहे. नट जड करायला मुलं दुसरा नट पहिल्याच्या खाली लटकवतात, वेळ वाढते आणि ‘जड लंबक सावकाश झुलतो’ असा निष्कर्ष येतो. प्रत्यक्षात वजनाबरोबर लांबीही वाढलेली असते. दोन्ही नट शेजारी शेजारी, एकाच उंचीवर बांधा.

‘लांबून सोडणं’ निवडलेल्या गटाकडे खास लक्ष ठेवा. ६० अंशांवरून सोडलं तर १०० सेंमीच्या लंबकाला दहा झोक्यांना २० ऐवजी जवळजवळ २१.५ सेकंद लागतात. झोका लहान असेल तरच वेळेत फरक पडत नाही. ‘पुस्तकात फरक पडत नाही असं आहे’ म्हणून ही नोंद खोडायला लावलीत तर पुढे कुणीच खरं लिहिणार नाही. वेळ झोक्याच्या रुंदीवर अवलंबून नसते, असं गॅलिलिओलाही वाटत होतं. लंबकाचं घड्याळ १६५६ मध्ये करणाऱ्या हायगेन्सला रुंद झोक्यातला हाच फरक सांभाळावा लागला.

प्रश्न : चौथीतली मुलं म्हणतात, ‘बी उगवायला ऊन लागतंच.’ लगेच दुरुस्त करावं का? – प्राथमिक शिक्षक, लातूर

उत्तर : नको, मटकी भिजत घाला. रात्रभर भिजवल्यावर न फुगलेले गणंग वेचून काढा, नाहीतर ‘अंधारात चार दाणे उगवलेच नाहीत’ असा वाद होतो. दोन वाट्यांत ओल्या कापडावर वीस-वीस दाणे ठेवा. बहुतेक वर्गांत एक वाटी खिडकीत आणि दुसरी कपाटात ठेवतात, आणि खिडकीतली वाळून जाते. मग मुलं ‘ऊन लागलं की बी मरतं’ असं लिहितात. म्हणून दोन्ही वाट्या सावलीत, पण उजेडाच्या एकाच जागी ठेवा. दोन्हींवर सारखेच प्लॅस्टिकचे डबे पालथे घाला, त्यातला एक काळ्या कागदात गुंडाळा. रोज सकाळी दोन्हीकडे एक-एक चमचा पाणी. सोमवारी सुरू करा. शुक्रवारी केलं तर सोमवारी वर्गात वास येतो.

दोन्हीकडे मोड येतात. चार-पाच दिवसांत अंधारातले कोंब लांब, फिकट पिवळे होतात, उजेडातले बुटके आणि हिरवट. ‘मग ऊन कशाला लागतं?’ हा प्रश्न आता मुलंच विचारतात.

प्रश्न : विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी तोच ज्वालामुखी येतो. काय करावं? – मुख्याध्यापिका, ठाणे

उत्तर : डोंगर काढून टाका, व्हिनेगर आणि सोडा राहू द्या. बाटलीत ५० मिली व्हिनेगर (लेबलवर ४ टक्के आम्ल लिहिलेलं), फुग्यात खाण्याचा सोडा, फुगा बाटलीच्या तोंडावर. सोडा पाव, अर्धा, पाऊण, एक आणि दोन सपाट चहाचे चमचे असा वाढवत जा आणि दर वेळी फुग्याचा घेर दोऱ्याने मोजा. अर्ध्या-पाऊण चमच्याच्या पुढे घेर फारसा वाढत नाही, कारण आम्ल संपलेलं असतं. ते कसं सिद्ध करायचं, हे मात्र मुलांवर सोडा.

प्रश्न : उत्तर चुकलेल्या गटाला आकारिक मूल्यमापनात गुण कसे द्यावेत? – शिक्षक, रत्नागिरी

उत्तर : दहापैकी दोन गुण अंदाज आणि त्याच्या कारणाला, दोन ‘काय बदललं नाही’ याला, तीन नोंदींना, तीन ‘चूक कुठे शिरली असेल’ या तर्काला. उत्तराला वेगळा गुण नको. नोंदी तपासताना २०.१, १९.८, २०.३ असे आकडे दिसले तर प्रयोग झालेला असतो. तिन्ही वेळा २०.०६ असेल तर तो आकडा गाइडमधून आलाय. अशा वेळी गुण कापण्याआधी त्या गटाला तुमच्यासमोर एकदा दहा झोके मोजायला सांगा.