तिसरीची मुलं वाचायला-लिहायला कंटाळतात आणि हाताशी एकच मोबाईल आहे. डिजिटल गोष्टींची सुरुवात कशी करू?

तुम्ही लिहिलंय की वर्गात छत्तीस मुलं आहेत, निम्म्यांच्या घरी तेलुगू बोलतात, पुस्तक उघडलं की जांभया सुरू होतात, आणि कोणतं ॲप घ्यावं ते कळत नाही. मी सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या वस्तीत, चौदा वर्षं प्राथमिकला शिकवते. माझं ऐकाल तर ॲपचा विचार सगळ्यात शेवटी करा. आधी मूल जे बोलतं ते त्याच्याच शब्दांत कागदावर येऊ द्या.

हे मला दुसरीतल्या एका मुलीमुळे कळलं. तिनं वहीत लिहिलं होतं, 'पिल्ली दूध पिऊन पळाली.' मी लाल रेघ मारून वर 'पिल्लू' लिहिलं. ती काही बोलली नाही, पण पुढे महिनाभर तिनं फळ्यावरचं उतरवून घेण्यापलीकडे स्वतःची एक ओळ लिहिली नाही. पालकसभेला तिची आई आली तेव्हा उलगडा झाला. तेलुगूत पिल्ली म्हणजे मांजर. तिचं वाक्य बरोबर होतं, चूक माझी होती. दुसऱ्या दिवशी मी वर्गासमोर तसं सांगितलं आणि फळ्यावर 'मांजर' शेजारी 'पिल्ली' लिहिलं. लगेच एकानं कन्नड 'बेक्कू' सांगितलं, एकानं 'बिल्ली'. त्या मुलीनं त्याच दुपारी मांजराची अख्खी गोष्ट लिहिली, पानभर.

तेव्हापासून माझी पद्धत एकच. रोज दोन मुलं जवळ बोलवायची. त्यांनी सांगायचं, मी चार-पाच ओळी लिहून घ्यायच्या, एक शब्दही न बदलता. 'अम्मा' म्हणाला तर 'अम्मा'च. दुसऱ्या दिवशी तोच कागद त्या मुलानं वाचायचा. अक्षरं पक्की नसली तरी पुढे काय येणार हे त्याला ठाऊक असतं, म्हणून ते बोट ठेवून अंदाजानं पुढे सरकतं. अंदाज जुळला की अक्षर डोक्यात बसतं. काही आठवड्यांत मुलं पेन्सिल स्वतःच मागतात. पहिल्या खर्ड्यावर लाल पेन अजिबात नको. ऱ्हस्व-दीर्घ नंतर बघू.

आता मोबाईल. एका कागदावर सहा चौकटी आखून द्या. प्रत्येक चौकटीत एक चित्र, खाली एक वाक्य. चित्रांचे फोटो काढायचे, मुलानं वाक्यं वाचायची, आवाज आणि फोटो जोडून मिनिटभराचा व्हिडिओ करायचा. फोनमधला साधा व्हिडिओ एडिटर पुरतो. चार-पाच मुलांचा गट केलात तर एका मोबाईलवर आठवड्याला दोन गोष्टी सहज होतात.

याचा खरा फायदा व्हिडिओत नाही, तो होण्याआधी जे घडतं त्यात आहे. माझ्या वर्गातल्या एका मुलानं वडिलांच्या मागाची गोष्ट केली होती. पहिलं रेकॉर्डिंग ऐकून तो म्हणाला, "बाई, परत करा की ओ, मी अडखळलो." असं नऊ वेळा झालं. पाठ्यपुस्तकातला धडा त्यानं कधी दोनदा मोठ्यानं वाचला नव्हता. पाचव्या खेपेला एक वाक्य दमात बसेना, म्हणून त्यानं आपणहून ते तोडून दोन केली. मी खटखट येऊ नये म्हणून खिडकी लावून घेतली होती. तर म्हणाला, "उघडी ठेवा, माग वाजायला पाहिजे." त्याचं बरोबर होतं. त्या गोष्टीत सगळ्यात सुंदर काही असेल तर मागून येणारा तो आवाज.

क्यूआर कोडचंही तुम्ही विचारलंय. आपल्याच जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात, परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडून दाखवले आणि २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. कोडपेक्षा मला त्यांची दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. वर्गातल्या मुलींच्या घरी कन्नड बोलतात हे पाहून त्यांनी पुस्तकं त्या भाषेत नेली. तुम्ही मुलांच्या हस्तलिखितावर व्हिडिओचा कोड चिकटवा जरूर, पण तेलुगू मुलाला एखादी गोष्ट तेलुगूतही बोलू द्या. वाचायला साहित्य हवं असेल तर प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे मुलांच्या गोष्टींचं संकेतस्थळ बघा. २०१५ पासून चालू आहे, फुकट आहे, मराठी, तेलुगू, कन्नड सगळं मिळतं. चित्रं तीच आणि भाषा वेगळी, अशी जोडी लावून वाचली की मुलं शब्द ताडून बघतात.

व्हिडिओत मुलांचे चेहरे घेऊ नका, चित्रं आणि आवाज पुरे. पालकांना आधी विचारा आणि फक्त वर्गाच्या ग्रुपवर टाका. विड्या वळणाऱ्या आया हातातलं काम न थांबवता ते ऐकतात आणि मूल घरी गेलं की त्याच्याकडून पुन्हा वाचून घेतात.

आणि कपाटाचं कुलूप काढा. मी एका शाळेत पाहिलंय, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन म्हणून पुस्तकं टेबलावर मांडली, फोटो निघाले, संध्याकाळी पुस्तकं परत कुलपात. मला फार वाईट वाटलं होतं. पुस्तकं फाटली तर फाटू देत. वर्गात सुताची दोरी बांधून त्यावर टांगा, मुलांच्या उंचीवर. त्यांनी केलेली पुस्तकंही त्याच दोरीवर, छापील पुस्तकांच्या शेजारी.

सुरुवात कधी करू म्हणाल तर जानेवारीत सोलापूरची गड्डा यात्रा आहेच. सिद्धेश्वरांचे नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या त्या उंच काठ्या, बघून आलेली मुलं दोन दिवस दुसरं काही बोलत नाहीत. तेव्हा 'मी पाहिलेली जत्रा' असा निबंध मात्र देऊ नका. एकेकाला जवळ बोलवून एवढंच विचारा, "पाळणा वरून खाली आला तेव्हा पोटात काय झालं रे?" आणि तो सांगेल ते लिहून घ्या.