सीओपीडी रुग्णांचे दूरस्थ निरीक्षण : आकड्यामागचा रुग्ण ओळखणे

वॉर्डातून सीओपीडीच्या, म्हणजे श्वासमार्ग अरुंद करणाऱ्या फुप्फुसांच्या दीर्घकालीन आजाराच्या, रुग्णांच्या दूरस्थ निरीक्षणावर (रुग्ण घरी यंत्रावर मोजतो ते आकडे लांबून पाहण्याच्या कामावर) आपली बदली झाली आहे. हे काम म्हणजे केवळ आकडे पाहत बसणे आहे का आणि सतत येणाऱ्या अलर्टचे काय करायचे, असे आपण विचारले आहे. हे काम मी बरीच वर्षे करत आले आहे. आकडा आपल्याला फोन उचलायला सांगतो, पण निर्णय रुग्णाशी बोलूनच घ्यावा लागतो, असे माझे ठाम मत आहे.

अनावश्यक अलर्टचे मोठे कारण म्हणजे सर्वांना लावलेली एकच मर्यादा. ज्या सीओपीडी रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असतो, त्यांच्यासाठी ऑक्सिजनचे प्रमाण ८८ ते ९२ टक्के राखणे हेच उद्दिष्ट असते. अशा रुग्णाचे ९० आले म्हणून ऑक्सिजन वाढवायला सांगितले, तर ते त्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणून रुग्ण स्थिर असतानाच त्याचे नेहमीचे आकडे नोंदवून घ्या आणि त्यावरून त्याची स्वतःची मर्यादा डॉक्टरांकडून लेखी ठरवून घ्या.

समजा, नेहमी ९१ असणाऱ्या आजींचे रीडिंग ८४ आले. लगेच फोन करा आणि हात गार आहेत का, नखांना रंग लावला आहे का, नुकत्याच जिना चढून आल्या का, हे विचारा. हात चोळून, थोडा वेळ शांत बसून, यंत्र दुसऱ्या बोटाला लावायला सांगा आणि नाडीचा आकडा स्थिर झाल्यावरच रीडिंग घ्या. हे चालू असताना आपला कान त्यांच्या बोलण्याकडे असावा. एरवी सलग बोलणाऱ्या आजी दोन-तीन शब्दांनंतर थांबत असतील, तर ती खूण आकड्याइतकीच महत्त्वाची आहे. रीडिंग खालीच राहिले तर डॉक्टरांना त्याच वेळी कळवा. ओठ निळसर दिसत असतील, गुंगी असेल किंवा बोलणे असंबद्ध वाटत असेल, तर तातडीची रुग्णवाहिका बोलवायला सांगा.

याच्या उलटही घडते, आणि मला ते अधिक धोक्याचे वाटते. रीडिंग नेहमीसारखे असते, स्क्रीनवर अलर्ट नसतो, पण रुग्ण दोन रात्री खुर्चीत बसून झोपलेला असतो, कफ पिवळा-हिरवा झालेला असतो आणि आंघोळीलाही दम लागत असतो. शिवाय गडद त्वचेवर पल्स ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून ऑक्सिजन मोजणारे हे यंत्र, प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतो. त्यामुळे लक्षणांची विचारपूस अलर्ट नसतानाही ठरलेल्या दिवशी व्हायलाच हवी.

स्कॉटलंडमध्ये २५६ सीओपीडी रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन्ही गटांना सारखीच वैद्यकीय सेवा दिली होती; एका गटाला दूरस्थ निरीक्षणाची जोड होती, तरीही रुग्णालयात दाखल होण्याची वेळ त्यामुळे पुढे ढकलली गेली नाही. मी यातून इतकेच घेते की उपकरणामागे चांगली सेवा उभी असावी लागते. फोनवरचा हा वेळ ड्यूटीच्या तासांत मोजला जाईल, असा आग्रह आपण सुरुवातीलाच धरावा. वॉर्डाचे काम सांभाळून जमेल तसे करण्याजोगे हे काम नाही.

आणखी एक गोष्ट पहिल्याच भेटीत सांगा. यंत्र घरी आले की कोणीतरी रात्रंदिवस आपल्याकडे पाहत आहे, असे अनेक रुग्णांना वाटते आणि त्या भरवशावर ते रात्री त्रास अंगावर काढतात. रीडिंग कोणत्या वेळेत पाहिले जाते, सुट्टीच्या दिवशी काय होते आणि त्या वेळेबाहेर कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, हे मोठ्या अक्षरांत लिहून रुग्णाच्या आणि घरातल्या एका व्यक्तीच्या हाती द्या.