इंग्लंडमधल्या जुन्या कर्जावरच्या पीपीआयचे पैसे आता परत मिळतील का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: २००४ ते २०१० तुम्ही लंडनमधल्या क्रॉयडनला होतात. २००५ मध्ये तिथल्या बँकेकडून कर्ज घेतलंत आणि २०१० मध्ये भारतात परतण्याआधी ते फेडलंत. आता पुण्यात माळा आवरताना फाइल सापडली आणि करारावर ‘लोन प्रोटेक्शन, १,९०० पौंड’ अशी ओळ दिसली. हाच पीपीआय, म्हणजे पेमेंट प्रोटेक्शन इन्शुरन्स, कर्जाबरोबर गळ्यात मारलेला हप्त्यांचा विमा. त्याच बँकेचं क्रेडिट कार्डही होतं. आणि आता एक कंपनी फोन करून म्हणतेय की आधी दीडशे पौंड भरा, पाच हजार मिळवून देतो.

शेवटचं आधी सांगते. एक पै भरू नका. तुम्ही गुगलवर शोधताना कुठेतरी फॉर्म भरला असणार, नाहीतर माळ्यावरची फाइल त्यांना कशी दिसली? पीपीआयच्या तक्रारीचं काम करणाऱ्या कंपन्यांना मिळालेल्या रकमेच्या २० टक्के आणि वर व्हॅट, याहून जास्त घेता येत नाही, असं २०१८ च्या कायद्याने ठरवून टाकलंय. काही मिळायच्या आधीच पैसे मागतो तो चोर समजायचा. शिवाय ते ज्या तक्रारीच्या नावाने पैसे मागतायत, त्या तक्रारीची मुदत २९ ऑगस्ट २०१९ लाच संपली.

म्हणजे मुख्य दरवाजा बंद. कोर्टाची एक खिडकी किलकिली आहे, पण तिच्यातून तुमचं कर्ज जाईल असं मला वाटत नाही. कार्ड कदाचित जाईल. असं का, ते सांगते. जरा लांबण लागेल, कारण हे पैसे मी स्वतः भरलेत आणि परतही घेतलेत.

मी इथे इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेत पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. मार्च २००६ मध्ये गाडी आणि धाकट्या बहिणीचं लग्न असं मिळून ८,००० पौंड कर्ज काढलं, पाच वर्षांसाठी, ८.९ टक्क्यांनी. बँकेतली मुलगी फार गोड होती. कागद फिरवत म्हणाली, हे संरक्षण घेतलं की मंजुरी सोपी जाते. रकान्यात टिक आधीच छापलेली होती, मी फक्त सही केली. पुढे कळलं की विम्याचा सगळा हप्ता, १,६४० पौंड, पहिल्याच दिवशी कर्जात मिळवला होता. म्हणजे कर्ज ८,००० चं नाही, ९,६४० चं, आणि विम्याच्या रकमेवरही तेच व्याज. महिन्याला ३३ पौंड ७० पेन्स जास्त जात होते, पाच वर्षांत २,०२० च्या वर.

आणि बदल्यात काय? आजारी पडले, अपघात झाला किंवा नोकरी गेली तर विमा काही महिने हप्ते भरणार. मला तर नोकरीतच आजारपणाची रजा पगारी होती, पाच वर्षं झाली की सहा महिने पूर्ण पगार आणि सहा महिने अर्धा. नोकरी जायची शक्यता नगण्य. आमच्या ओळखीतले अर्धे लोक तेव्हा आयटीत कॉन्ट्रॅक्टवर होते, स्वतःची लिमिटेड कंपनी काढून. त्यांची तर आणखी गंमत. ‘बेरोजगार’ या शब्दाची पॉलिसीतली व्याख्या त्यांना लागू होणं जवळजवळ अशक्य, तरी त्यांनाही तोच विमा विकलेला. काहींना मधुमेह, काहींची पाठ आधीपासून दुखरी. आधीचे आजार वगळलेले असायचे, पण विकताना ते कोणी विचारायचं नाही.

हा प्रकार एकदोघांचा नव्हता. १९९० पासून पुढची वीस वर्षं कर्ज, क्रेडिट कार्ड, गहाणखत, दुकानांची कार्डं अशा सगळ्यांबरोबर कोट्यवधी पॉलिसी विकल्या गेल्या. सिटिझन्स ॲडव्हाइस या ग्राहकांच्या संस्थेने २००५ मध्ये रीतसर तक्रार केली, तेव्हापासून चौकशा सुरू झाल्या. २०१० मध्ये बँकांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी नियामकाने जुन्या विक्रीच्या तक्रारी कशा हाताळायच्या याचे नियम केले, त्यावर बँका कोर्टात गेल्या आणि एप्रिल २०११ मध्ये हरल्या. पुढच्या महिन्यात त्यांनी अपिलाचा नाद सोडला. तिथून पैशांचा पूर आला. शेवटचा हिशोब ३८ अब्ज पौंडांच्या वर गेला, त्यातले जवळजवळ २२ अब्ज एकट्या लॉइड्स बँक समूहाचे.

त्या वर्षी मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत एकच विषय: तुझे पीपीआयचे आले का? मी जानेवारी २०१२ मध्ये साध्या कागदावर पत्र लिहिलं. बँकेने आठ आठवड्यांच्या आत नकार दिला, तुम्ही सही केलीय म्हणे. मग मी फायनान्शियल ओम्बड्समनकडे, म्हणजे ग्राहक आणि बँका यांच्यातल्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या संस्थेकडे गेले. त्याला फी नसते. तिथे तेव्हा तक्रारींचा डोंगर होता, त्यामुळे वर्षभर काहीच हललं नाही. मे २०१३ मध्ये बँकेने मान्य केलं. हप्त्यांतून गेलेले २,०२० आणि त्यावर दरसाल ८ टक्के सरळव्याज, साधारण ७५०. त्या व्याजावर वीस टक्के कर कापला. हातात २,६०० पौंडांच्या आसपास. एका मैत्रिणीने हेच काम कंपनीकडून करून घेतलं, तर तिचे तीस टक्के आणि वर व्हॅट गेले. पत्र दोघींचं जवळजवळ एकाच मजकुराचं होतं. तिला अजून चिडवते.

आता कोर्टाच्या खिडकीबद्दल. हे नीट वाचा, कारण तुमचा विषय इथेच आहे.

प्लेविन नावाच्या एक बाई, ५९ वर्षांच्या विधवा, कॉलेजात शिकवणाऱ्या. २००६ मध्ये दारात पडलेल्या एका जाहिरातीच्या पत्रकावरून त्यांनी दलालामार्फत ३४,००० पौंड कर्ज घेतलं, दहा वर्षांसाठी. वर विम्याचे ५,७८० पौंड, आणि विमा मात्र पाचच वर्षांचा. पुढे उघड झालं की त्या ५,७८० पैकी ७१.८ टक्के रक्कम कमिशन म्हणून दलाल आणि कर्ज देणारी कंपनी यांनीच वाटून घेतली होती. खऱ्या विमा कंपनीच्या पदरात उरलेले दीडेक हजार. नोव्हेंबर २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की एवढं कमिशन लपवणं म्हणजे कर्जदार आणि कर्ज देणारा यांच्यातला संबंधच अन्याय्य. कायदा १९७४ चा, कन्झ्युमर क्रेडिट ॲक्ट, कलम १४०-ए. म्हणजे विमा तुमच्या उपयोगाचा असला तरी कमिशनच्या मुद्द्यावर दावा उभा राहतो. नियामकाने मग सरसकट नियम केला: ५० टक्क्यांच्या वरचं कमिशन व्याजासकट परत द्या. त्याच सुमारास २०१९ ची मुदतही घातली आणि अर्नोल्ड श्वार्झनेगरचं यांत्रिक मुंडकं टीव्हीवर ओरडवून लोकांना ती आठवण करून दिली. तुम्ही पुण्यात होतात, वाचलात.

मुदतीने बंद झाली ती बँक आणि ओम्बड्समन यांच्याकडची तक्रार. कोर्टात जायचा हक्क त्याने जात नाही. पण तिथे स्वतःची मुदत आहे, सहा वर्षांची. सहा वर्षं कधीपासून मोजायची, यावर बँका आणि ग्राहक थेट सुप्रीम कोर्टापर्यंत भांडले, आणि २०२३ च्या शेवटी दोन निकाल आले.

पहिला निकाल स्मिथ बाईंचा. कार्ड २००० सालचं, विमा २००६ मध्येच थांबलेला, पण कार्डाचं खातं २०१५ पर्यंत चालू. बँक म्हणाली, विमा संपून किती वर्षं झाली! कोर्टाने म्हटलं, मोजायचं ते खातं संपल्यापासून, कारण अन्याय्य संबंध खातं असेपर्यंत चालू असतो.

म्हणून कर्जापेक्षा मला तुमच्या कार्डात जास्त रस आहे. भारतात परतताना तुम्ही कार्डाचं काय केलंत? बहुतेकांनी कात्रीने दोन तुकडे केले आणि कचऱ्यात टाकले. कात्रीने खातं बंद होत नाही. बँकेला कळवून बंद केलं नसेल, तर ते तुमच्या नकळत आणखी कितीतरी वर्षं उघडं राहिलं असू शकतं, आणि सहा वर्षांचं घड्याळ त्याच्या शेवटापासून सुरू होतं. अट एवढीच की त्या कार्डावर विमा लागलेला असला पाहिजे. जुन्या स्टेटमेंटमध्ये बघा. ‘पीपीआय’ असं स्वच्छ लिहिलेलं क्वचित सापडेल. पेमेंट कव्हर, अकाउंट कव्हर, ‘एएसयू’ (अपघात, आजारपण, बेरोजगारी यांची इंग्रजी आद्याक्षरं) असली काहीतरी नावं असतात. कार्डावर देणं असलेल्या दर १०० पौंडांमागे महिन्याला सत्तर-ऐंशी पेन्स लागायचे. देणं २,००० असेल तर महिन्याला पंधरा पौंड, गुपचूप. आपण स्टेटमेंटवर खालचा आकडा बघून पैसे भरायचो, मधल्या ओळी वाचत कोण होतं?

दुसरा निकाल पॉटर बाईंचा. कर्ज २००६ चं, २०१० मध्ये फिटलेलं, दावा २०१८ मध्ये. साध्या हिशोबाने उशीर झालेला. पण विम्याच्या हप्त्यातलं ९५ टक्क्यांहून जास्त कमिशन होतं (हो, ९५) आणि कोर्टाने म्हटलं की बँकेने ते जाणूनबुजून लपवलं, म्हणून ग्राहकाला ते कळेपर्यंत, किंवा नेटाने शोध घेतला असता तर कळलं असतं तोपर्यंत, मुदत सुरू होत नाही.

तुमचं कर्ज २०१० मध्ये संपलं, त्यामुळे तुम्हाला आधार फक्त याच निकालाचा. आणि अडचण ‘कळलं असतं’ या शब्दांत आहे. बँकेचा वकील म्हणणार की २०१७ पासून दोन वर्षं देशभर जाहिराती चालू होत्या, वर्तमानपत्रं भरून वाहत होती. तुम्ही म्हणणार, मी सिंहगड रोडला होतो. न्यायाधीश काय म्हणतील हे मी सांगू शकत नाही, पण या मुद्द्यावर मी स्वतःचे पैसे लावणार नाही. आणखी एक: हे उत्तर वाचलंत म्हणजे आज तरी तुम्हाला नक्कीच कळलं. त्यामुळे करायचं असेल तर रेंगाळू नका.

खर्चाचंही सांगते. इंग्लंड-वेल्समध्ये १०,००० पौंडांपर्यंतचे दावे सहसा स्मॉल क्लेम्समध्ये चालतात. हरलात तर समोरच्या वकिलाची फी सहसा तुमच्यावर पडत नाही, पण तुमच्या वकिलाची फीही समोरच्याकडून मिळत नाही. कोर्टाची फी आधी आपली आपण भरायची. प्लेविन बाईंच्या हातात शेवटी ४,५०० पौंड पडले, आणि त्यांच्या बाजूचा खटल्याचा खर्च साडेसात लाख पौंडांच्या घरात गेला होता. त्यांचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला म्हणून हा आकडा, तुमचा तिथवर जाणार नाही. तरी आकडा लक्षात असू द्या.

मी तुमच्या जागी असते तर आधी बँकेला ईमेल करून माझ्या नावावरची सगळी माहिती मागितली असती. ‘सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट’ म्हणायचं, मे २०१८ पासून याला फी नाही आणि महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं. क्रॉयडनचा जुना पत्ता, जन्मतारीख आणि खाते क्रमांक लिहा. विशेष करून विचारा: कार्डाचं खातं कोणत्या तारखेला बंद झालं, विमा कधीपासून कधीपर्यंत होता, कमिशन किती होतं. कमिशनचा आकडा सहजासहजी देत नाहीत, तरी विचारा. कर्जाचे कागद त्यांनी बहुधा कधीच नष्ट केले असतील. म्हणून ती फाइल रद्दीत घालू नका, आणि कोणत्याही कंपनीला मूळ कागद पाठवू नका.

घरच्यांनाही एकदा विचारा. २०११ ते २०१९ च्या गडबडीत तुम्ही किंवा तुमच्या मिसेसनी तक्रार करून काही रक्कम ‘पूर्ण आणि अंतिम’ म्हणून स्वीकारली असेल तर विषय तिथेच संपतो. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे, पण क्रॉयडनला त्याचा संबंध नाही.

बँकेचं उत्तर आलं की कार्डाचं खातं कधी बंद झालं तेवढा महिना आणि वर्ष खाली लिहा. खाते क्रमांक किंवा बँकेचं नाव इथे टाकू नका, त्या दीडशे पौंडवाल्यांचे भाऊबंद इथेही वाचत असतात.