पर्सेंटाइल २२ आला, म्हणजे मूल गणितात कच्चं का?

टेस्टचे रिपोर्ट हातात पडले की माझ्याकडे हा प्रश्न हमखास येतो, म्हणून एका मुलाची गोष्ट सांगते. नाव आणि बारीकसारीक तपशील बदललेत, त्याला आपण ओम म्हणू. तिसरीत होता. आई आली तीच रिपोर्ट पुढे सरकवत, "मॅडम, वाचनात ३५ आणि गणितात २२, मागच्या वर्षी २४ होते, म्हणजे हा अजून खाली चाललाय, रोज दोन पानं गणितं करून घेते मी त्याच्याकडून, आता अजून काय करू?" आणि बोलता बोलता डोळे भरून आले. ओम शेजारी बसून शर्टाचं बटण फिरवत होता, सगळं ऐकत होता. मी त्याला बाहेर चित्र काढायला बसवलं आणि मगच बोलले.

पहिलं म्हणजे ते २२ म्हणजे शंभरपैकी २२ मार्क नाहीत. पर्सेंटाइल आहे तो. ज्या मुलांशी तुलना केलीय त्यातली साधारण २२ टक्के मुलं त्याच्या मागे आहेत, एवढंच त्यातून कळतं, किती गणितं आली ते कळतच नाही. आणि २४ चे २२ झाले याला घसरण म्हणत नाहीत हो, एखादा प्रश्न इकडचा तिकडे झाला, त्या दिवशी झोप नीट झाली नसली तरी एवढा फरक पडतो. उलट इयत्ता वाढली, तुलनेतली मुलंही वर्षभर पुढे गेली आणि हा जवळपास तिथेच राहिला, म्हणजे तोही त्यांच्याबरोबर पुढे सरकलाच की. हे ऐकून आई जरा सैलावली, पण २२ हा आकडा कमी आहेच आणि तो का कमी आहे हे बघायलाच हवं, तेही मी तिला स्पष्ट सांगितलं. नुसता धीर देऊन पाठवणं मला पटत नाही.

शाळेकडून कुठल्या प्रकारच्या प्रश्नांत काय झालं याची फोड मागवली. ती मागायची असते, बहुतेक पालक मागतच नाहीत! त्यात दिसलं ते असं की उभ्या मांडणीची बेरीज-वजाबाकी जवळजवळ सगळी बरोबर, शाब्दिक उदाहरणं बरीचशी चूक आणि शेवटचे सात प्रश्न कोरे. कोरा प्रश्न आणि चुकलेला प्रश्न दोन्हीला शून्यच मिळतं, पण कारण एक नसतं.

मग ओमला एक उदाहरण मोठ्याने वाचायला दिलं. "सोहमकडे १४ गोट्या आहेत. त्या मीनापेक्षा ६ ने जास्त आहेत. तर मीनाकडे किती गोट्या आहेत?" बोट ओळीवर ठेवून वाचत होता, 'गोट्या'तल्या जोडाक्षराशी अडला, मागे आला, परत सुरुवात केली, 'जास्त' शब्द दिसला आणि पुढचं वाक्य न वाचताच म्हणाला, "वीस." मी कागद बाजूला ठेवला आणि तीच गोष्ट तोंडी सांगितली, विचारलं कोणाकडे जास्त आहेत रे? "सोहमकडे." मग मीनाकडे? थोडा थांबला. "कमी... आठ!" माझ्यासमोर बसलेलं हे पोर गणितात कच्चं नव्हतं, वाचनात अडकत होतं, आणि त्या वाचनाचे मार्क गणितातून कापले जात होते.

गॉफ आणि टनमर या दोन संशोधकांनी १९८६ मध्ये एक साधं सूत्र मांडलं, वाचून समजणं म्हणजे अक्षरं ओळखणं गुणिले भाषा समजणं. गुणाकार आहे, बेरीज नाही, एक बाजू शून्य झाली की सगळंच शून्य. ओमची भाषा छान होती, गोष्ट ऐकून तिचा शेवट स्वतःचा जोडायचा, पण अक्षरं ओळखण्यातच एवढी शक्ती जायची की अर्थाला काही उरायचं नाही आणि वेळही संपायचा.

आईला पहिलं सांगितलं ते रोजची दोन पानं बंद. त्याऐवजी दहा मिनिटं एकत्र मोठ्याने वाचायचं, एक ओळ आईची, एक त्याची. शाब्दिक उदाहरण आलं की आकडे अंगठ्याने झाकायचे आणि काय घडलंय ते आधी त्याच्या शब्दांत सांगायला लावायचं, मग अंगठा काढायचा. नजर आणि कान तपासून घेतले. वर्गशिक्षिकांशी बोलून घेतलं, गणिताच्या टेस्टला प्रश्न वाचून दाखवायची सवलत नियमात बसते का ते त्यांनी बघितलं. हेही ठरवलं की तीन-चार महिन्यांत वाचन हललंच नाही तर डिस्लेक्सियाची, म्हणजे अक्षरं-शब्द वाचायला शिकण्यातच येणाऱ्या अडचणीची, रीतसर तपासणी करायची, त्यात लाजण्यासारखं काही नाही आणि ती जितकी लवकर होईल तितकं मुलाला बरं.

एखाद्या मुलाला ७ मोठा की ९ हेच कळत नसेल, तोंडी गोष्ट सांगूनही उत्तर येत नसेल, तर तिथे मात्र गणिताचीच वेगळी तपासणी करावी लागते. म्हणून आधी तोंडी विचारून बघा, ओमच्या आईलाही मी तेच करायला लावलं, माझ्यासमोर.

पुढच्या टेस्टनंतर तिने पेपरच्या शेवटच्या पानाचा फोटो पाठवला. तीन उत्तरं चूक होती. कोरं एकही नव्हतं.